प्रोसिजर बदलायची म्हणजे नेमके काय बदलायचे?

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि व्हॅट, केंद्रीय उत्पादन शुल्क, सेवाकर, मुंबईची जकात असे अनेक कर एका रात्रीत मागे पडले. कारखाने, वितरक, दुकाने यांच्या बिलिंग प्रणालींत जिथे कर मोजला जात होता, ती जागा त्या वेळी बदलावी लागली. बऱ्याच प्रणालींत ही जागा म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेली एखादी प्रोसिजर असते. आठ वर्षांनी, २२ सप्टेंबर २०२५ ला, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी निघाले आणि तीच जागा पुन्हा उघडावी लागली. दुसऱ्या वेळी तर बदल मोजक्या ओळींचा होता. तरीही अशा मोजक्या ओळींसाठी जाणती माणसे रात्रभर जागतात, आणि त्यांचे जागणे योग्यच असते.

साठवलेली प्रोसिजर म्हणजे नाव दिलेला एसक्यूएल आज्ञांचा संच. बाहेरचा प्रोग्राम फक्त नाव आणि पॅरामीटर पाठवतो. टेबले वाचणे, तपासणे, लिहिणे हे डेटाबेस आतल्या आत करतो. ती बदलणे म्हणजे एखादी फाइल बदलण्यासारखेच असेल असे नवख्याला वाटते. पण फाइल बदलली की मजकूर बदलतो, इतकेच. प्रोसिजरच्या नावाला मजकुराखेरीज पुष्कळ काही चिकटलेले असते. ती चालवायची परवानगी कुणाला आहे, ती कुणाच्या अधिकाराने चालते, तयार होताना कोणती सेटिंग्ज लागू होती, कोणते ट्रिगर आणि कोणत्या दुसऱ्या प्रोसिजर तिच्यावर उभ्या आहेत, आणि हाक मारणाऱ्यांनी तिच्या उत्तराबद्दल काय गृहीत धरले आहे. बदल करताना यातले काय टिकते आणि काय गळते, याचे उत्तर प्रत्येक डेटाबेसमध्ये निराळे आहे. या विषयाचे शिकवणे सहसा आज्ञेच्या व्याकरणापाशी थांबते. माझ्या मते खरा विषय तिथून पुढे सुरू होतो.

हे निराळेपण कुठून आले ते इतिहासात दिसते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रारूप मांडले तेव्हा त्यात प्रोसिजर नव्हती. मांडणी टेबलांची आणि त्यांच्यावरच्या प्रश्नांची होती. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या सायबेसच्या एसक्यूएल सर्व्हरने साठवलेल्या प्रोसिजर आणि ट्रिगर हे आपले वैशिष्ट्य म्हणून पुढे आणले. त्या काळचे नेटवर्क संथ होते. एका व्यवहारासाठी दहा आज्ञा ताराने पाठवण्यापेक्षा एकच हाक पाठवणे फार स्वस्त पडे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर याच सायबेसच्या पायावर उभा राहिला. ओरॅकलने १९९२ च्या सातव्या आवृत्तीत साठवलेल्या प्रोसिजर आणल्या. त्यांची पीएल-एसक्यूएल भाषा एडा या भाषेच्या वळणाची आहे. प्रमाणभाषा ठरवणारा एसक्यूएल-पीएसएम हा भाग आला १९९६ मध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वाटा पक्क्या झाल्यानंतर. मायएसक्यूएलला ही सोय २००५ च्या ५.० आवृत्तीत मिळाली. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन पूर्वीपासून होती, पण ‘प्रोसिजर’ या नावाची स्वतंत्र वस्तू २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत आली. प्रमाण उशिरा आल्यामुळे ‘अल्टर प्रोसिजर’ ही एकच आज्ञा आज चार डेटाबेसमध्ये चार निरनिराळ्या गोष्टी करते. एका डेटाबेसची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलेला माणूस इथेच अडखळतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘अल्टर प्रोसिजर’ लिहून पूर्ण नवा मजकूर द्यायचा असतो. दिलेल्या परवानग्या टिकतात, वस्तूचा आतला क्रमांकही तोच राहतो. ‘ड्रॉप’ करून पुन्हा ‘क्रिएट’ केले तर मजकूर तोच मिळेल, पण परवानग्या जातात आणि क्रमांक नवा पडतो. घराचा पत्ता तोच ठेवून आत डागडुजी करणे आणि घर पाडून त्याच प्लॉटवर नव्या क्रमांकाचे बांधणे, एवढा हा फरक आहे. या क्रमांकाला फार महत्त्व आहे, कारण २०१६ पासून क्वेरी स्टोअर प्रत्येक क्वेरीच्या गतीचा इतिहास प्रोसिजरच्या क्रमांकाशी जोडून ठेवतो. क्रमांक बदलला की आधीचा इतिहास जुन्या नोंदीखाली राहतो आणि ‘बदलानंतर हे संथ झाले का’ या प्रश्नाला तुलनेसाठी सरळ आधारच उरत नाही. एके काळी सगळ्या स्क्रिप्ट ‘असेल तर ड्रॉप कर, मग तयार कर’ अशा धाटणीच्या असत, कारण एकच स्क्रिप्ट नव्या आणि जुन्या दोन्ही डेटाबेसवर चालावी लागे. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ‘क्रिएट ऑर अल्टर’ आले आणि त्या धाटणीची गरज संपली. अजूनही ती जुनी ओळ डोक्यावर वागवणाऱ्या स्क्रिप्ट सर्रास दिसतात. त्या दुरुस्त करणे हे या क्षेत्रातले सर्वांत स्वस्त पुण्यकर्म आहे.

अल्टर सगळे टिकवते असे मात्र नाही. पूर्वी ‘विथ रीकंपाइल’ किंवा ‘विथ एन्क्रिप्शन’ असे पर्याय दिलेले असतील आणि नव्या मजकुरात ते पुन्हा लिहिले नाहीत, तर ते निघून जातात. याहून आडवळणाची गोष्ट सेटिंग्जची आहे. ‘कोटेड आयडेंटिफायर’ आणि ‘एएनएसआय नल्स’ या दोन सेटिंग्ज अल्टर करणाऱ्याच्या सेशनमध्ये त्या क्षणी जशा असतील तशा प्रोसिजरमध्ये गोठतात. मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये पहिली सेटिंग चालू असते. कमांड लाइनवरच्या एसक्यूएलसीएमडीमध्ये ती मुळात बंद असते. म्हणजे विकसकाने आपल्या खिडकीतून चालवून पाहिलेली स्क्रिप्ट रात्री डिप्लॉयमेंटच्या यंत्रणेने कमांड लाइनवरून चालवली, तर मजकूर अक्षरशः तोच असूनही प्रोसिजर वेगळी होते. पुढे एखाद्या टेबलावर फिल्टर्ड इंडेक्स असेल, तर त्यात नोंद टाकताना ती चूक देऊन थांबते. अशी चूक शोधताना लोक मजकूर शंभरदा वाचतात, आणि मजकुरात काहीच सापडत नाही.

नाव बदलायचे असेल तर ‘एसपी रीनेम’ वापरू नये, असे मी ठामपणे सांगेन. ते नाव बदलते, पण साठवलेल्या व्याख्येतला मजकूर जुन्याच नावाचा राहतो. नव्या नावाची प्रोसिजर तयार करून जुनी रीतसर निवृत्त करावी.

ओरॅकलमध्ये ‘अल्टर प्रोसिजर’ मजकूर बदलतच नाही. ती मुख्यतः पुन्हा कंपाइल करण्याची आज्ञा आहे. मजकूर बदलायला ‘क्रिएट ऑर रिप्लेस’. परवानग्या टिकतात, हे चांगले. धोका दुसरीकडे आहे. नव्या मजकुरात चूक असेल तरी ओरॅकल तो स्वीकारून साठवतो, ‘कंपाइल करताना चुका आल्या’ एवढा इशारा देतो, आणि प्रोसिजर ‘इनव्हॅलिड’ अवस्थेत जाते. म्हणजे जुनी चालणारी गेली आणि नवी चालत नाही. स्क्रिप्टच्या हजार ओळींच्या आउटपुटमध्ये तो एका ओळीचा इशारा नजरेतून निसटला, तर सकाळी पहिला ग्राहकच तो शोधून काढतो. म्हणून ओरॅकलवरच्या प्रत्येक बदलानंतर ‘यूजर एरर्स’ पाहणे आणि इनव्हॅलिड वस्तूंची यादी आधी-नंतर जुळवणे ही ऐच्छिक काळजी मानू नये. तो कामाचाच भाग आहे.

ओरॅकलचे बलस्थान म्हणजे अवलंबित्वाची नोंद. कोणती वस्तू कोणावर अवलंबून आहे हे तो स्वतः लिहून ठेवतो आणि मूळ बदलले की वरच्या सगळ्यांना इनव्हॅलिड ठरवतो. पॅकेजची रचना इथे उपयोगी पडते. पॅकेजचा दर्शनी भाग वेगळा आणि गाभा वेगळा असतो. केवळ गाभा बदलला तर अवलंबितांना धक्का लागत नाही. अकराव्या आवृत्तीपासून ही नोंद आणखी बारीक झाली, टेबलात असंबंधित कॉलम वाढवला म्हणून सगळे कोसळत नाही. पण पॅकेजमध्ये सेशनभर टिकणारी व्हेरिएबल्स असतील आणि तुम्ही चालू वेळेत गाभा बदललात, तर आधीपासून जोडलेल्या सेशनना ‘ओआरए-०४०६८’ ही सुप्रसिद्ध चूक मिळते: पॅकेजची चालू अवस्था टाकून दिली आहे. कनेक्शन पूल वापरणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये ही चूक एकदम अनेक ठिकाणी उगवते. उपाय बदलाच्या रात्री सापडत नाही. तो आधी रचनेत असावा लागतो, पॅकेजमध्ये अवस्था न ठेवण्यात. बँकिंग क्षेत्रात हे फार जाणवते. मुंबईत सिटीकॉर्पच्या छत्राखाली सुरू झालेल्या आणि पुढे आय-फ्लेक्स नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे फ्लेक्सक्यूब हे उत्पादन पीएल-एसक्यूएलच्या पॅकेजांवर मोठ्या प्रमाणात उभे राहिले. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी अभियंत्यांची कारकीर्द अशाच पॅकेजांचे गाभे उघडण्यात गेली आहे.

पोस्टग्रेस वेगळ्या स्वभावाचा आहे. तिथे फंक्शनची किंवा प्रोसिजरची ओळख फक्त नावाने होत नाही; नाव आणि आत येणाऱ्या पॅरामीटरांचे प्रकार मिळून ओळख ठरते. त्यामुळे ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ लिहून एक पॅरामीटर वाढवला की बदल होत नाही, शेजारी त्याच नावाची दुसरी वस्तू तयार होते. कर मोजणाऱ्या फंक्शनला बीजकाची तारीख हा नवा पॅरामीटर दिला आणि त्याला डिफॉल्ट मूल्यही दिले, असे समजा. विकसकाला वाटते जुने कॉल आता नव्याकडे येतील. पण जुन्या कॉलला तंतोतंत जुळणारे जुने फंक्शन अजून जागेवर आहे, म्हणून ते गुपचूप तिकडेच जात राहतात. चूक येत नाही, इशारा येत नाही, कर जुन्या दराने लागत राहतो. न ओरडणारी चूक ओरडणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार किंवा पॅरामीटरचे नाव बदलायचे असेल तर पोस्टग्रेस ‘रिप्लेस’ नाकारतो. ‘ड्रॉप’ करावेच लागते. त्यावर एखादा व्ह्यू उभा असेल तर तो ड्रॉपही अडवतो. इथे घाईत ‘कॅस्केड’ हा शब्द जोडणारे हात मी थांबवू इच्छितो, कारण तो व्ह्यूही पाडतो आणि पुन्हा उभा करायचे काम तुमच्या आठवणीवर सोपवतो. ड्रॉपनंतर परवानग्यांचा प्रश्न पोस्टग्रेसमध्ये उलट्या बाजूने येतो. नव्याने तयार झालेले फंक्शन चालवण्याची परवानगी मुळातच सर्वांना असते. आधी ती विचारपूर्वक काढून घेतलेली असेल, तर ड्रॉप आणि क्रिएटनंतर दार पुन्हा सताड उघडे होते. फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ असेल, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालत असेल, तर हे गंभीर आहे. सुदैवाने पोस्टग्रेसमध्ये या आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. ड्रॉप, क्रिएट, परवानगी काढणे, परवानगी देणे हे सगळे एका ‘बिगिन’ आणि ‘कमिट’च्या मध्ये लिहिले की बाहेरच्यांना मधली अवस्था दिसतच नाही, आणि काही चुकले तर रोलबॅक. एसक्यूएल सर्व्हरमध्येही हे जमते. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये जमत नाही. तिथे अशी प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट करते.

मायएसक्यूएलची अडचण सगळ्यांत उघडी आहे. त्याच्या ‘अल्टर प्रोसिजर’ने टिप्पणी, सुरक्षेचा प्रकार असे गुणधर्म बदलतात, मजकूर आणि पॅरामीटर बदलत नाहीत. त्यासाठी ड्रॉप आणि क्रिएट हाच मार्ग, आणि दोन्हींच्या मध्ये प्रोसिजर अस्तित्वातच नसलेला एक क्षण असतो. गजबजलेल्या प्रणालीत त्या क्षणात आलेल्या हाकांना ‘अशी प्रोसिजर नाही’ हे उत्तर मिळते. मारियाडीबीने ‘क्रिएट ऑर रिप्लेस प्रोसिजर’ देऊन ही फट बुजवली. त्याहून चिवट प्रश्न ‘डिफायनर’चा आहे. वेगळे काही लिहिले नाही तर क्रिएट चालवणाऱ्याचे खाते प्रोसिजरचे डिफायनर होते आणि ती त्याच्या अधिकाराने चालते. रात्री कुणी तरी आपल्या वैयक्तिक खात्यातून बदल करतो. काही महिन्यांनी तो नोकरी सोडतो, त्याचे खाते रीतसर काढून टाकले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ‘डिफायनर अस्तित्वात नाही’ म्हणून वेतनाची प्रोसिजर थांबते. बदल आणि बिघाड यांत इतके अंतर पडले की दोन्हींचा संबंध लागायला वेळ लागतो. डिफायनर नेहमी स्पष्ट लिहावा आणि तो माणसाचा नसून सेवेचा असावा.

बदल लागू होताना आधीपासून चालू असलेल्या हाकांचे काय होते, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ओरॅकलमध्ये प्रोसिजर चालू असेल तर तिला बदलणारी आज्ञा ती संपेपर्यंत थांबून राहते, आणि तिच्या मागे नव्या हाकांची रांग लागू शकते. दोन तास चालणारा बॅच जॉब सुरू असताना त्याच पॅकेजवर बदल टाकला की अख्खे ॲप्लिकेशन गोठल्यासारखे दिसते. मायएसक्यूएलमध्ये मेटाडेटा लॉक असाच अडवतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू हाक जुन्या मजकुरावर पूर्ण होते आणि पुढची हाक नवा मजकूर घेते. ऐकायला हे सोयीचे वाटते, पण त्यामुळे काही काळ जुना आणि नवा तर्क एकाच टेबलावर शेजारी शेजारी लिहीत असतात. नवा तर्क जुन्याच्या नोंदी सहन करू शकेल का, हे आधी तपासलेले असावे लागते.

आता हाक मारणाऱ्यांची बाजू. प्रोसिजरचा करार पॅरामीटरांच्या यादीत लिहिलेला असतो असे आपण मानतो, पण निम्मा करार तिच्या उत्तराच्या आकारात असतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजरच्या निकालात एक कॉलम वाढवला, तर तो निकाल ‘इन्सर्ट एक्झेक’ने टेबलात भरून घेणारी दुसरी प्रोसिजर त्याच क्षणी मोडते, कारण कॉलमांची संख्या जुळत नाही. एखादा अहवाल कॉलमांच्या क्रमावर विसंबलेला असतो. एखादे एक्सेल शीट थेट प्रोसिजरला जोडलेले असते आणि ते कुणाच्याच यादीत नसते. डेटाबेसची अवलंबित्वाची नोंद इथे थोडीच मदत करते. डायनॅमिक एसक्यूएल, म्हणजे मजकूर जोडून तयार केलेली आज्ञा, तिला दिसत नाही. बाहेरचे ॲप्लिकेशन तर मुळीच दिसत नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हर प्रोसिजर तयार करताना अस्तित्वात नसलेल्या टेबलाचे नावही खपवून घेतो आणि तक्रार चालवताना करतो. पोस्टग्रेसची पीएल-पीजीएसक्यूएल भाषा तयार करताना जवळजवळ फक्त व्याकरण तपासते. चौदाव्या आवृत्तीत आलेल्या ‘बिगिन ॲटॉमिक’ धाटणीच्या एसक्यूएल फंक्शनमध्ये मात्र अवलंबित्व खरोखर नोंदले जाते. म्हणजे ‘बिनतक्रार तयार झाली’ याचा अर्थ ‘चालेल’ असा घेता येत नाही.

गतीबद्दल एक भ्रम फार पसरलेला आहे, म्हणून तो नोंदवतो. संथ झालेल्या प्रोसिजरमध्ये कुणी किरकोळ बदल करतो आणि ती लगेच वेगवान होते. श्रेय त्या बदलाला दिले जाते. प्रत्यक्षात एसक्यूएल सर्व्हरमध्ये अल्टर झाले की साठवलेला प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची याचा आराखडा, टाकून दिला जातो आणि पुढच्या हाकेच्या पॅरामीटरांवरून नवा बनतो. जुना प्लॅन एखाद्या अपवादात्मक ग्राहकासाठी बनला असेल तर नुसती एक रिकामी ओळ घालूनही प्रोसिजर वेगवान होईल, आणि पुन्हा तसा ग्राहक पहिला आला की पुन्हा संथ. म्हणून बदलाआधी ‘एसपी रीकंपाइल’ने प्लॅन नवा करून मोजावे आणि मग बदल करून पुन्हा मोजावे. त्यावाचून केलेला ‘सुधारणा झाली’ हा दावा मी मान्य करत नाही.

हे सगळे सांभाळायचे तर प्रोसिजरचा खरा मजकूर कुठे राहतो हे ठरवावे लागते. इतकी वर्षे लोकांनी चालू डेटाबेसलाच मूळ प्रत मानले: डेटाबेसमधून मजकूर बाहेर काढायचा, खिडकीत दुरुस्त करायचा, तिथेच चालवायचा. हे थांबले पाहिजे. डेटाबेस आपण होऊन मागची आवृत्ती जपून ठेवत नाही. पोस्टग्रेसच्या कॅटलॉगमध्ये तर प्रोसिजर केव्हा बदलली याची तारीखही नसते. ओरॅकलमध्ये फ्लॅशबॅकने थोड्या वेळापूर्वीचा मजकूर परत मिळवण्याची युक्ती डीबीएंना ठाऊक आहे, पण ती अनडूच्या मुदतीपुरतीच चालते. मूळ प्रत गिटमधल्या फाइलीत असावी, एका प्रोसिजरला एक फाइल, आणि त्याच फाइलीत परवानग्या, डिफायनर, आवश्यक सेटिंग्ज लिहिलेल्या असाव्यात. फ्लायवेमध्ये ‘रिपीटेबल’ मायग्रेशन आणि लिक्विबेसमध्ये ‘रन ऑन चेंज’ या सोयी अशा फाइलींसाठीच आहेत: फाइलीचा चेकसम बदलला की साधन ती पुन्हा चालवते. टेबलांचे बदल क्रमांकाने एकामागून एक लागतात, प्रोसिजरचा मजकूर मात्र दर वेळी पूर्ण बदलतो. म्हणून दोन्हींची हाताळणी वेगळी ठेवणे बरोबर आहे. एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी, ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, पोस्टग्रेससाठी पीजीटॅप ही चाचण्यांची साधने मोफत उपलब्ध आहेत. प्रोसिजरच्या चाचण्या लिहिता येत नाहीत ही सबब आता उरलेली नाही. बँकांसाठी तर हे नियमाच्याही कक्षेत येते. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले माहिती तंत्रज्ञानविषयक मास्टर डायरेक्शन बदल-व्यवस्थापनाची शिस्त मागते.

तरीही कुणीतरी निकडीच्या वेळी थेट प्रॉडक्शनवर हात घालणारच. ते पकडण्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमधले डीडीएल ट्रिगर आणि पोस्टग्रेसमधले इव्हेंट ट्रिगर आहेत. बदलाची आज्ञा, करणारा आणि वेळ एका टेबलात उतरवायची. उद्देश माणसाला दोषी धरण्याचा नसावा. रात्री केलेली खरी दुरुस्ती फाइलीत परत न आल्यामुळे पुढच्या रिलीजमध्ये पुसली जाते आणि तोच बिघाड परत येतो, हे टाळण्यासाठी ही नोंद हवी.

प्रोसिजर बदलावीच का लागते, हाही प्रश्न विचारायला हवा. कराचे दर प्रोसिजरच्या मजकुरात ‘इफ’ आणि ‘केस’मध्ये लिहिलेले असतील तर दर बदलला की प्रोसिजर बदलणे आलेच. तेच दर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशा कॉलमांसह टेबलात असतील तर दरबदल म्हणजे काही नव्या नोंदी, आणि मजकुराला हात लावावा लागत नाही. सीजीएसटी कायद्याचे कलम १४ दरबदलाच्या सीमेवर कोणता दर लागेल हे पुरवठा, बीजक आणि पैसे मिळणे या तीन घटनांच्या क्रमावरून ठरवते. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ नंतरही प्रणालीला जुना दर माहीत असणे भागच होते. त्याआधी विकलेला माल परत आला तर तो जुन्या दराने नोंदवावा लागतो. ज्यांनी मजकुरातला आकडा पुसून नवा लिहिला, त्यांनी कायद्याला अजून हवी असलेली माहितीच पुसली. नियम कसा लागतो तो प्रोसिजरमध्ये ठेवावा, आकडे टेबलात.

व्यवसायाचा तर्क डेटाबेसमध्ये असावाच का, हा वाद जुना आहे आणि मी त्यात फार रेंगाळणार नाही. नव्या प्रणालींत तो बहुधा ॲप्लिकेशनमध्ये जातो, चाचण्या आणि आवृत्त्या सांभाळणे तिथे सोपे असते म्हणून. पण एकाच डेटाबेसवर पाच निरनिराळे प्रोग्राम चालत असतील तर नियम एकाच जागी असण्याचे मोल मोठे आहे. आणि आज चालू असलेल्या लाखो ओळी कुणी तरी सांभाळायच्या आहेतच.

करार मोडणारा बदल करायचा असेल तर दोन आवृत्त्या काही काळ शेजारी ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. मेनफ्रेमवरच्या डीबी-टूने हे अल्टर प्रोसिजरमध्येच बसवले: ‘ॲड व्हर्जन’ने नवी आवृत्ती घालायची, ‘ॲक्टिव्हेट व्हर्जन’ने ती चालू करायची, बिघडले तर जुनी पुन्हा चालू करायची. मागे फिरणे इतके सोपे दुसऱ्या कुणी केलेले नाही, आणि इतरांनी ते उचलले नाही याची मला खंत वाटते. ओरॅकलने अकराव्या आवृत्तीच्या दुसऱ्या रिलीजमध्ये ‘एडिशन’ आणल्या. एकाच डेटाबेसमध्ये जुनी सेशन जुन्या एडिशनमध्ये आणि नवी नव्या एडिशनमध्ये चालू शकतात. ओरॅकलची स्वतःची ई-बिझनेस सूट १२.२ पासून याच पद्धतीने चालू अवस्थेत पॅच घेते. ताकद मोठी, तयारीही मोठी. बाकीच्यांसाठी साधा उपाय आहे: नव्या नावाची दुसरी प्रोसिजर लिहायची, जुनीचा मजकूर काढून तिथे फक्त नवीला हाक मारायची, आणि हाक मारणाऱ्यांना एकेक करून नवीकडे न्यायचे.

मग जुनी कधी काढायची? इथे बहुतेक संघ घाई करतात किंवा ती कायमची विसरतात. वापर मोजणारी आतली साधने अपुरी आहेत. एसक्यूएल सर्व्हरची प्रोसिजरनिहाय आकडेवारी प्लॅन कॅशेमध्ये असेपर्यंतच राहते आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की जाते. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनच्या हाका मोजण्याचे सेटिंग मुळातच बंद असते. म्हणून जुन्या प्रोसिजरमध्येच हाकेची नोंद करणारी एक ओळ घालावी: कोणते खाते, कोणते यंत्र, केव्हा. ती नोंद महिनाभर कोरी राहिली तरी समाधान मानू नये. घसारा मोजणे, रजांची शिल्लक पुढे ओढणे, नव्या वर्षाची बीजक-मालिका उघडणे अशा प्रोसिजर वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या आसपास जाग्या होतात आणि एरवी अकरा महिने मृत दिसतात. एक पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ द्यावे. त्यानंतरही आधी फक्त चालवण्याची परवानगी काढून घ्यावी आणि काही आठवडे थांबावे. काही मोडले तर एका ‘ग्रँट’ने पूर्ववत करता येते. ड्रॉप त्यानंतर, आणि फाइल गिटमध्ये तशीच राहू द्यावी.